सहा, चार, पंधरा

प्रथम सत्राच्या भूमितीच्या पेपरात दोन गुणांचा एक प्रश्न होता. त्रिकोण एबीसी, कोन ए चा दुभाजक एडी, बाजू एबी 6, एसी 4 आणि बीसी 15, तर बीडी काढा. दहावीची समरूपता झालेल्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी सुटेल असा. कोनदुभाजकाचं प्रमेय लावायचं, समोरच्या बाजूचे 6 ला 4 या प्रमाणात भाग करायचे, 15 चे 9 आणि 6 होतात, बीडी 9. तीन ओळींचं काम, आणि वर्गातल्या बहुतेकांनी ते तीन ओळींतच उरकलं होतं. एका मुलीच्या पेपरात मात्र त्या जागी अर्धं पान कंपासच्या चापांनी भरलेलं. 15 ची आडवी रेघ, एका टोकाकडून 6 चा चाप, दुसऱ्या टोकाकडून 4 चा, आणि दोन्ही चाप एकमेकांपासून चांगले लांब. खोडून त्याच्याखाली पुन्हा तेच. रबर इतका घासलेला की कागदाला लव आली होती आणि कंपासच्या टोकानं पडलेली भोकं पानामागून हाताला लागत होती. शेवटी निळ्या पेनानं, जरा दबकत लिहिल्यासारखं बारीक अक्षर : 'हा त्रिकोण होत नाही.'

बरोबर होतं तिचं. 6 आणि 4 मिळून 10 होतात, 15 पर्यंत पोचायला पाच कमी पडतात. दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या हव्यात हे खालच्या वर्गातच शिकवून झालेलं असतं. ही मुलगी पहिल्या पाचांतली नव्हे. वरच्या पठारावरच्या वाडीतून येते, अर्धी वाट चालत, अर्धी वडापनं, म्हणजे माणसं भरून चालणाऱ्या भाड्याच्या जीपनं. पावसाळ्यात तिच्या वह्यांना कायम ओलसर वास. भूमितीला हात लावण्याआधी आकृती काढा, शक्यतो मापाची काढा, असं मी जूनपासून घोकत असते. मुलं माना डोलावतात आणि आकृती न काढताच सूत्र लावतात. हिनं ऐकलं. चाप जुळेनात तेव्हा तिनं म्हणे पर्यवेक्षकांना विचारलंसुद्धा. त्या तासाला आमचे हिंदीचे सर होते. "छापलंय ते बरोबरच असणार, सोडव गुपचूप," असं सांगून ते पुढच्या बाकाकडे गेले. त्यांना तरी काय म्हणावं, पर्यवेक्षकानं प्रश्नाचा अर्थ सांगायचा नसतो हाच नियम आहे. मग तिनं पुन्हा आकृती काढली. चूक आपल्याच हातात आहे असं तिला वाटलं असणार, कारण छापील कागद चुकतो हे आपण मुलांना कधी सांगितलेलंच नसतं. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलानं, जो घरच्या वहीतही आकृती काढत नाही, तो प्रश्न दीड मिनिटात उडवला आणि पुढं सरकला. त्याला तिच्यापेक्षा चांगले सात गुण जास्त आहेत.

उत्तरसूचीत स्वच्छ छापलं होतं, बीडी बरोबर 9, पहिल्या पायरीला एक गुण, दुसरीला एक. मी तिला दोनपैकी दोन दिले आणि पेपर स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला. विज्ञानाच्या मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिला आणि म्हणाल्या, "मग ज्यांनी 9 लिहिलंय त्यांचं काय करणार? ती तर नसलेल्या त्रिकोणाची बाजू काढून बसलीत." सगळे हसले. मुख्याध्यापकांपर्यंत गोष्ट गेली. ते व्यवहारी माणूस. म्हणाले, "सगळ्यांना दोन-दोन द्या आणि विषय मिटवा." सगळ्यांना दोन-दोन मिळाले, अगदी ज्यांनी तो प्रश्न ऑप्शनला टाकला होता त्यांनाही. 2023 साली बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीचा मजकूर छापून आला होता, तेव्हा मंडळालाही सहा गुण द्यावे लागले होते. गुण असे मागाहून देता येतात. त्या प्रश्नापाशी घालवलेली मिनिटं आणि तिथं सुटलेला धीर कुठल्या रकान्यात भरायचा?

चौथा प्रश्न तिचा पूर्ण कोरा होता.

पंधरा हा आकडा कुठून आला असेल, हे मात्र मला लगेच कळलं. पेपर काढणारा माणूस उत्तराकडून प्रश्नाकडे येतो. 6 आणि 4 घेतले, बेरीज 10, आता बीसी अशी हवी की भागाकार सुटसुटीत व्हावा, अपूर्णांक येऊ नये, मुलं घाबरू नयेत, आणि मुख्य म्हणजे तपासणाऱ्याला नजरेसरशी कळावं. 5 घेतले असते तर 3 आणि 2 आले असते, आणि त्रिकोणही झाला असता. पण ते फारच सोपं दिसलं असेल. म्हणून 15. रात्री जेवणं झाल्यावर, टीव्हीसमोर बसून, मांडीवर पॅड घेऊन कुणीतरी तो आकडा लिहिला असेल. त्या माणसाचा मला राग येत नाही. एका बैठकीत बीजगणित आणि भूमितीचे दोन्ही पेपर, वर दोन्हींच्या उत्तरसूच्या, असं काम अंगावर घेतलेला माणूस कंपास काढून बसत नाही.

आमच्या शाळेत सत्र परीक्षेचे पेपर बाहेरून येतात, छापील, विषयवार, खाकी कागदात बांधलेले गठ्ठे. बऱ्याच तालुक्यांत हीच रीत आहे, कुठं मुख्याध्यापक संघ पेपर काढून घेतो, कुठं खासगी छपाईवाले पुरवतात, आणि दर विद्यार्थ्यामागे काही रुपये भरले की शिक्षकांच्या डोक्याचा ताप जातो. सोय आहे, यात शंका नाही. मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, आधारच्या दुरुस्त्या, रोज सायंकाळपर्यंत भरायची कुठलीतरी लिंक, हे सगळं करून पेपर काढायला बसायचं कधी? आणि एकसारखा पेपर असला की शेजारच्या शाळेशी तुलना होते, पालकांनाही ते आवडतं. पण गठ्ठ्यातल्या पेपराला आमच्या वर्गात काय झालंय हे ठाऊक नसतं. सप्टेंबरात अतिवृष्टीनं आठवडाभर शाळा बंद होती आणि वर्तुळाचं प्रकरण अर्धंच झालंय, हे त्याला कळायचं कारण नाही. वर्तुळावरचे प्रश्न ठरल्याप्रमाणे येतात, आणि मुलं ते सोडून देतात. मग निकालाच्या बैठकीत 'वर्तुळ या घटकात विद्यार्थी अप्रगत' असा शेरा लिहून कृतिकार्यक्रम आखला जातो. बी.एड.ला आम्हाला संविधान तक्ता करायला शिकवलं होतं. कुठल्या घटकाला किती भारांश, ज्ञान-आकलन-उपयोजनाचे किती गुण, काठिण्य पातळी काय, असं आडव्या-उभ्या रकान्यांत भरायचं आणि मग प्रश्न लिहायला घ्यायचे. नोकरीत आल्यावर पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ बाईंनी कानमंत्र दिला, आधी पेपर काढ, मग त्याला शोभेल असा तक्ता बसव. छापील गठ्ठ्यासोबत तक्तासुद्धा छापूनच येतो, आम्ही तो फाईलला लावतो.

माझ्या शाळेत, म्हणजे मी शिकले त्या शाळेत, स्टेन्सिल होतं. गुरुजी मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं पेपर लिहायचे. शाई नाही, नुसती लेखणीची कुरकुर. चूक झाली की लाल रंगाचं नेलपॉलिशसारखं द्रावण लावून ते वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं. सायक्लोस्टाइलचं यंत्र ऑफिसच्या मागच्या खोलीत, तिथं परीक्षेच्या आधी शिपाईमामांशिवाय कुणाला प्रवेश नाही, पण शाईचा उग्र वास व्हरांडाभर यायचा आणि तो वास आला की आमच्या पोटात गोळा. पेपर हातात पडे तेव्हा बोटं काळी होत. घटक चाचणीला तेवढाही थाट नसे, प्रश्न फळ्यावर. मागच्या बाकावरच्या मुलांना 3 चा 8 दिसायचा आणि तो 8 घेऊनच ती गणित सोडवायची. गुरुजी तपासताना ते ओळखायचे आणि '8 धरून बरोबर' असं लिहून गुण द्यायचे. त्या काळाचं मला फार कौतुक करायचं नाही. ते पेपर लहरी असत. गुरुजींचं कुणाशी वाजलं असेल तर तो राग भूमितीत उतरे. गणित तेव्हा 150 गुणांचं, बीजगणित-भूमिती 75-75, आणि रायडर, म्हणजे प्रमेयं वापरून स्वतःच्या डोक्यानं सोडवायची अवघड उदाहरणं, असे घातलेले असत की वर्गातली दोन मुलं सोडून बाकीचे छताकडे बघत. पण पेपर कुणी काढलाय हे माहीत असायचं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी भर वर्गात गुरुजींना म्हणता यायचं, आणि गुरुजी डोकं खाजवत का होईना, फळ्यावर ते तपासून बघायचे. गठ्ठ्यातल्या पेपराबद्दल कुणाला विचारायचं? मी त्या 15 बद्दल फोन केला होता. पलीकडच्या माणसानं अगदी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही."

मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. एवढ्या शाळांत तो पेपर गेला, एवढ्या मुलांनी 9 लिहिलं, एवढ्या जणांनी ते तपासलं, आणि तक्रार नाही.

आता दहावीच्या भूमितीत रायडरचा धाक राहिलेला नाही. 40 गुणांचा पेपर, त्याचा साचा पाठ असतो. पहिल्या प्रश्नात पर्याय आणि एकेका गुणाची उदाहरणं, दुसऱ्या-तिसऱ्यात 'कृती पूर्ण करा', मग दोन-तीन गुणांची, चौथ्यात चार गुणांची, पाचव्यात तीन गुणांचं थोडं डोकं चालवायचं. कृतीमध्ये सिद्धता आयती लिहिलेली असते, मध्ये मध्ये चौकटी मोकळ्या. मुलं त्या चौकटी भरण्यात तरबेज होतात. वरच्या ओळीत काय आहे, खालच्या ओळीत काय उरलंय, मधे काय बसेल, हे त्यांना सिद्धता न कळताही कळतं. माझ्या वर्गातला एक जण तर चौकटीची रुंदी बघून सांगतो की इथं एक अक्षर आहे की कारण लिहायचंय. आधी मला याची चीड यायची. मग एकदा लक्षात आलं की पूर्वी जी मुलं सिद्धतेच्या नावानं पान कोरं ठेवायची ती आता निदान त्या पानावर थांबतात, वाचतात, काहीतरी लिहितात. हे कमी नाही. पण त्याच साच्यामुळं आम्ही शिक्षक एक दुसरी गोष्ट करतो, जी कुठल्याच परिपत्रकात नसते. दिवाळीनंतर वर्गाचे मनातल्या मनात दोन भाग पाडतो, आणि एका भागाला सांगतो, तुम्ही पहिले तीन प्रश्न पक्के करा, चार-पाचकडे बघूही नका. ती मुलं खरंच बघत नाहीत. चौथ्या प्रश्नात कधीकधी तिसऱ्यापेक्षा सोपं उदाहरण आलेलं असतं, तरी बघत नाहीत.

प्रश्नपत्रिकेचा साचा बदलला की मुलं कशी एका रात्रीत 'ढ' किंवा हुशार होतात, हे आपण सगळ्यांनी 2019 साली पाहिलं. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. मार्च 2019 मध्ये पुस्तकं नवी, आराखडा नवा आणि भाषा नि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण काढून घेतलेले. निकाल लागला 77.10. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसईची मुलं पुढं जाणार म्हणून ओरड झाली आणि ते 20 गुण त्याच वर्षी परत आले. पुढच्या मार्चचा निकाल 95.30. त्या वर्षी करोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, गुण सरासरीनं दिले, हे खरं. आणि 2021 ला तर परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95. पण 2018, 19, 20 ही तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवली की वाटतं, याच खोऱ्यातल्या, याच वाड्यांतल्या, एकाच घरातल्या पाठोपाठच्या भावंडांच्या अकलेत एवढी चढउतार कशी होईल? माझ्या वर्गात 2019 ला एक मुलगा मराठीत नापास झाला. मराठीत. घरीदारी, शेतात, वडापमध्ये मराठीच बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी सहज पास झाला. अजून थोरला कधी बाजारात भेटला की धाकट्याबद्दल बोलताना म्हणतो, "त्यो हुशार हाय, मॅडम." मी काही बोलत नाही. तोंडीचे 20 गुण आम्ही सगळे कसे देतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळं ते गुण म्हणजे न्याय असंही मला म्हणवत नाही. पण त्या थोरल्याच्या डोक्यात स्वतःबद्दल जे बसलंय ते प्रश्नपत्रिकेच्या एका आराखड्यानं बसवलंय, आणि तो आराखडा वर्षभरात मागंही घेतला गेला. त्याच्या डोक्यातलं कोण मागं घेणार?

पूर्वपरीक्षेचं तर वेगळंच तंत्र. "प्रिलिमचा पेपर जरा कडकच हवा, म्हणजे पोरं जागी होतात," हे वाक्य मी इतक्या मुख्याध्यापकांकडून ऐकलंय की ते एखाद्या शासन निर्णयात असावं असं वाटतं. काही मुलं जागी होतात. ज्याला 85 ची अपेक्षा आहे त्याला 62 पडले तर तो चिडून अभ्यासाला बसतो. ज्याला चाळीसची आशा होती त्याला 19 पडले की तो जानेवारीतच दप्तर भिंतीला टांगतो, मार्चमध्ये येतो तो हॉलतिकीट आहे म्हणून. कडक पेपरानं कोण जागं होणार आणि कोण झोपणार हे पेपर काढणाऱ्याला दिसत नाही, वर्गशिक्षकाला दिसतं. नववीची गोष्ट याहून करडी. पाचवी-आठवीला परीक्षा आली ती 2023-24 पासून; त्याआधी आठवीपर्यंत ढकलत आलेल्या मुलाला नववीत पहिल्यांदा खरा पेपर भेटायचा, आणि काही शाळांत तो मुद्दाम तसा काढलेला असतो, कारण पुढच्या वर्षी शंभर टक्के निकालाचा फलक फाटकावर लावायचा असतो. मग पालकांना बोलावून गोड शब्दांत 17 नंबरच्या फॉर्मची माहिती दिली जाते. बाहेरून बसा, वर्षही वाचेल. हे सगळे निर्णय प्रश्नपत्रिकेच्या कागदावर होतात आणि प्रगतिपुस्तकात मात्र मुलाच्या नावापुढं लिहिले जातात.

त्रिकोणमितीत दीपगृह असतं. दीपगृहावरून जहाजाकडे बघणाऱ्या माणसाचा अवनत कोन, म्हणजे त्याची नजर आडव्या रेषेपासून जेवढी खाली झुकते तो. आमच्या मुलांना कोयनेचं धरण माहीत आहे, पण समुद्र बघितलेली मुलं थोडी, दीपगृह बघितलेलं एखादं. दीपगृहावरून खाली बघायचं म्हणजे कोन आकृतीत नेमका कुठं येतो, इथंच निम्मी अडतात आणि कोन उभ्या रेषेजवळ मांडून मोकळी होतात. एका वर्षी घटक चाचणीचा पेपर मी काढणार होते, तेव्हा दीपगृह काढून पवनचक्की घातली. वनकुसवड्याच्या पठारावर त्या इतक्या आहेत की आमच्या वर्गाच्या खिडकीतूनही, हवा स्वच्छ असली तर, दोन-तीन दिसतात. पायथ्यापासून 30 मीटरवर उभं राहून टोकाकडे पाहताना उन्नत कोन, म्हणजे नजर वर उचलल्याचा कोन, 60 अंश, तर उंची किती? त्या खेपेला आकृत्या बघण्यासारख्या आल्या. काहींनी पाती काढली, एकानं खाली म्हैस काढली, आणि कोन जमिनीशी, जिथं हवा तिथं. उत्तर सगळ्यांचं आलं असं नाही. 30 ला वर्गमूळ 3 नं, म्हणजे 1.73 नं, गुणताना व्हायचा तो गोंधळ झालाच. पण जे अडले ते गुणाकारात अडले, आणि गुणाकार मला शिकवता येतो. अवनत कोनाऐवजी उन्नत कोन घातल्यानं प्रश्न सोपा झाला, असं विज्ञानाच्या मॅडमचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून पुढच्या वेळी मी माणसाला पवनचक्कीवर चढवलं आणि खालच्या जीपकडे बघायला लावलं. दीपगृहापेक्षा तरीही बरं चाललं. समुद्राची गणितं मुलांनी करूच नयेत असं मला म्हणायचं नाही. बोर्डाला दीपगृह आलं तर काय, हा मुख्याध्यापकांचा प्रश्नही रास्त आहे. आधी पवनचक्की, मग दीपगृह, एवढंच. पण छापील गठ्ठ्यात 'आधी' आणि 'मग' यांना जागा नसते.

आणखी एक, वरवर किरकोळ वाटेल असं. पूर्वी बोर्डाला अकराचा पेपर दहा मिनिटं आधी हातात यायचा. फक्त वाचायला. पर्यवेक्षणाला असले की मला ती दहा मिनिटं फार आवडायची. पेनं खाली, ओठ हलतायत, कुणी शेवटचं पान आधी उघडतंय, कुणी एका प्रश्नावर बोट ठेवून मनातल्या मनात सोडवायला लागलंय. चेहऱ्यांवरचा ताण उतरताना दिसायचा, किंवा चढताना. मोबाइलवरून पेपर बाहेर जायला लागले म्हणून 2023 पासून ते बंद झालं, आणि भरपाई म्हणून शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळाली. घड्याळाच्या हिशेबानं फिटंफाट. पण शेवटची दहा मिनिटं पुरवण्या बांधण्यात आणि शेजारच्याचं किती झालं हे बघण्यात जातात. सुरुवातीच्या दहा मिनिटांत मूल ठरवत असे, कुठून सुरू करायचं, काय सोडायचं. आता घंटा झाली की माना खाली आणि पहिल्या प्रश्नापासून सरळ लिहीत सुटायचं. ज्यांच्या घरी पेपर कसा सोडवावा हे सांगणारं कुणी आहे, किंवा क्लासच्या टेस्ट सिरीजनं ज्यांचा हात बसलाय, त्यांना याचा काही फरक पडत नाही.

त्या मुलीला मी पेपर परत देताना सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि सांगितलं की ही एकटी बरोबर होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या, ती लाजून बसली. मला वाटलं, चांगलं काम झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक छोटी चाचणी घेतली, त्यात एक उदाहरण असं होतं की आकृती काढली तर लगेच दिसावं की कोन 90 चा आहे, नाहीतर पानभर उठाठेव. तिनं पानभर उठाठेव केली होती. आकृती नाही. उत्तर बरोबर. मधल्या सुट्टीत हौदावर डबा धूत होती तेव्हा विचारलं, का गं, आकृती का नाही काढलीस? तिनं पाण्याखाली डबा तसाच धरून, माझ्याकडे न बघता सांगितलं, "येळ जातो, मॅडम. छापलंय म्हंजे आसंलच की." तेवढ्यात घंटा झाली.

यंदाच्या दुसऱ्या घटक चाचणीचे पेपर आम्ही शाळेतच काढतोय, मी हट्टच धरला. मुख्याध्यापकांनी "दहावीपुरतं करून बघा, सत्र परीक्षेचा गठ्ठा मात्र येणारच" या अटीवर मान्य केलंय. नियम एकच ठेवलाय. छपाईला द्यायच्या आधी प्रत्येक पेपर दुसऱ्या विषयाच्या शिक्षकानं घड्याळ लावून सोडवायचा, नुसता वाचायचा नाही. पहिल्याच फेरीत भांडणं झाली. माझा बीजगणिताचा पेपर हिंदीच्या सरांकडे गेला आणि त्यांनी 'वरील समीकरण' म्हणजे नेमकं कितवं, तुम्ही तीन लिहिलीत, असं पेन्सिलीनं गोल करून परत पाठवला. विज्ञानाच्या मॅडमच्या पेपरात 20 गुणांसाठी मुलांनी जेवढं लिहावं अशी अपेक्षा होती तेवढं लिहायला मराठीच्या बाईंना पाऊण तासाच्या जागी सव्वा तास लागला. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या, मग मॅडमनी दोन प्रश्न काढले. इतिहासाचे सर म्हणतात हे सगळं थोतांड आहे, त्यांचा पेपर पुस्तकातला आहे, त्यात चूक निघूच शकत नाही. तो पेपर माझ्या वाट्याला आलाय. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, पर्याय चार. व्हॉल्टेअर, हे आमची मुलं घोड्यावर बसूनही सांगतील. त्याच्या खालचा प्रश्न आहे, असं का म्हणतात ते स्पष्ट करा, गुण तीन. आज भांडी आवरून, स्वयंपाकघराच्या टेबलावर मोबाइलमध्ये वेळ लावून मी तो सोडवायला बसले, आणि व्हॉल्टेअरच्या पुढं माझं पेन अजून हललेलं नाही. सरांना उद्या फोन करून विचारावं तर ते म्हणणार, पुस्तकात आहे की. पुस्तक वरच्या खोलीत, मुलाच्या दप्तरात आहे आणि तो झोपलाय. नऊ मिनिटं उरलीत.